शुक्रवारी लागणारा दिवा

१

माणूस खोटं बोलेल, यंत्र कधीही खोटं बोलत नाही.

हे त्रिकालाबाधित सत्य आमच्या टेस्टरने मला सकाळी नऊ वाजता सांगितलं, तेव्हा त्याच्या मनगटावरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. मी ते त्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, हे खोटं बोलत नाही, हे बंद आहे. दोन्हींत फरक असतो. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणूनच मी गेली तीस वर्षं रोज घालतो.

टेस्टर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्याने गाड्यांच्या वायरिंगची कामं केली. खिशाला पेनाच्या जागी कायम टेस्टर, म्हणून लोकांनीच बारसं उरकून टाकलं. पुढे दुकान बंद केलं, पण टेस्टर काही खिशातून उतरला नाही. मी त्याचा शेजारी. त्याच्या तपासकामात माझ्याकडे दोनच खाती: पिशवी धरायची आणि मधूनमधून "ते कसं काय?" म्हणायचं.

त्या शुक्रवारी आमच्याकडे आला तो पलीकडच्या गल्लीतल्या साहेबांचा मुलगा. साहेब दोन महिन्यांपूर्वी गेले. फुप्फुसांनी आधी संप केला, मग राजीनामा दिला. मुलगा दूर नोकरीला. दर शनिवार-रविवार आईकडे येतो, या खेपेला एक दिवस आधीच आला होता. त्याचं म्हणणं होतं की घरात चोरी होते आहे, आणि चोर कोण हेही ठरलेलं आहे. आम्ही फक्त पुरावा द्यायचा होता.

हकिगत अशी. साहेबांच्या गाडीत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची, एक छोटी टाकी आहे. टाकीतलं पाणी कमी झालं की तिच्यातला सेन्सर कळवतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. महिन्यापूर्वी तो लागला. वर्कशॉपने स्कॅनर लावला. स्कॅनरने एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे दाखवले. त्याचा अर्थ, टाकी रिकामी. झाकण उघडून बघितलं तर टाकी काठोकाठ. म्हणजे सेन्सर बिघडला. नवा घातला. आठवड्याने दिवा पुन्हा लागला. पुन्हा नवा. पुन्हा दिवा. तिसऱ्या सेन्सरनंतर वर्कशॉपच्या सुपरवायझरने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आमच्याकडे गाडी ठणठणीत असते, तुमच्या घरीच ती आजारी पडते. कुणीतरी आमचा नवा सेन्सर काढून मेलेला बसवतंय. गाडीची किल्ली कुणाकडे असते?

किल्ली ड्रायव्हरकडे असते. सव्वीस वर्षं असते.

मुलाने त्याला उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. कबूल कर, नाहीतर किल्ली ठेव आणि जा. पोलिसांत जाणार नव्हता, बाबांकडे बघून. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दिवा लागतो एवढंच तिला ठाऊक, आणि तिनेच आमचं नाव सुचवलेलं. ड्रायव्हर गेला की गाडी विकायची, घराला कुलूप घालायचं आणि आईला घेऊन जायचं, असा बेत होता. आईचंही हल्ली काही खरं नाही, असं तो आवाज उतरवून म्हणाला. शेजारणीने ऐकलं होतं, आई एकटीच बोलत असते.

टेस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लहानपणी तुम्हाला शाळेत कोण सोडायचं?"

"काका. म्हणजे, हा ड्रायव्हरच."

"अर्ध्या तासात तुम्ही सात वेळा 'हा ड्रायव्हर' म्हणालात. काका आत्ता पहिल्यांदा आले."

मुलगा उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला की एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. हा दिवा फक्त शुक्रवारीच लागतो.

२

गाडी पोर्चमध्ये उभी होती, राखाडी, म्हातारी, पण पुसून लख्ख. शेजारी ओळीने सहा कुंड्या. पाच झाडं टवटवीत होती, गाडीच्या नाकाजवळचं सहावं वाळून कोळसा झालेलं. टेस्टरने आधी गाडी सोडून त्या कुंडीत बोट खुपसलं. माती ओली होती.

"पाणी मिळूनही मेलं," तो म्हणाला.

"ते कसं काय?" मी माझं काम केलं.

ड्रायव्हरने बॉनेट उघडून दिलं. साठीचा उंच माणूस, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्याने काहीही स्वतःहून सांगितलं नाही, विचारलेलं मात्र अचूक सांगितलं. सीटखालून रोजनिशी काढून दाखवली. सोमवार ते गुरुवार दिवा बंद. शुक्रवारी सकाळी चालू. शनिवारी बाजार, बँक, दवाखाना अशा जवळच्या फेऱ्या, दिवा चालूच. रविवारी वहिनींना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, त्यांच्या बहिणीकडे न्यायचं. मोठ्या रस्त्याने दोन तास जायला, दोन यायला. वाटेत कुठेतरी दिवा आपोआप विझतो.

टेस्टरने टाकीला नाक लावलं. पाणी वरच्या खुणेच्याही वर होतं, आणि रंग पाहुणे वाढल्यावर पाणी वाढवलेल्या सरबतासारखा. सेन्सर टाकीच्या बाजूला एका स्क्रूने बसवलेला होता. स्क्रूच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका. टेस्टर त्या ठिपक्याकडे भिंग लावून इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं तो डुलकी काढतोय.

एवढ्यात वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या. चार पेले पाणी, चार कप चहा. बुटक्याशा, चष्म्याला दोरी लावलेल्या, बोलायला एकदम सरळ. आम्ही घेतलं. मुलाने घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, आत्ताच झालंय. मग आम्हाला पाठ करून त्याने आपल्या पिशवीतून बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी प्यायला.

वहिनी त्या उरलेल्या पेल्याकडे बघत राहिल्या. "पंधरा दिवस झाले," त्या टेस्टरला म्हणाल्या, "या घरचं पाणी घेत नाहीत. चहा सोडा, पाणी. माझं काही चुकलं का विचारलं, तर म्हणतात पोट बरं नाही. सव्वीस वर्षांत यांचं पोट कधी बिघडलं नव्हतं."

मुलाने चहाच्या कपात तोंड लपवलं.

त्या आत गेल्यावर, मुलगाही फोन घेऊन लांब गेल्यावर, ड्रायव्हर टेस्टरजवळ आला. रुमालाने हात पुसला, जणू काही सही करायची आहे.

"तुम्ही उगाच उन्हात नका बसू. सेन्सर मीच बदलले. तिन्ही वेळा. तसं सांगून टाका दादांना," तो मुलाकडे बघत म्हणाला.

३

वर्कशॉपच्या सुपरवायझरला काचेची केबिन होती. आत बसून तो सगळ्यांवर नजर ठेवायचा. बाहेरचे सगळे त्याच्यावर ठेवायचे. त्याला कबुलीची बातमी सांगितली तेव्हा तो मागे रेलला आणि म्हणाला, बघा, मी माणूस ओळखतो.

टेस्टरने त्याचं कौतुक केलं. मग भोळेपणाने विचारलं, स्क्रूवर तो पिवळा ठिपका कसला?

ती आमची खूण, सुपरवायझर म्हणाला. आम्ही घट्ट केलेल्या प्रत्येक स्क्रूवर रंगाचा थेंब टाकतो. अर्धा स्क्रूवर, अर्धा टाकीवर. वाळला की दगड होतो. नंतर कुणी स्क्रू फिरवला तर थेंब तडकतो, आणि आम्हाला कळतं की बाहेरचा हात लागला.

"आणि तडकला नाही तर?"

"तर कुणाचाच हात लागला नाही."

टेस्टरने भिंग टेबलावर ठेवलं आणि ते त्याच्याकडे सरकवलं. आज सकाळी त्या गाडीतला ठिपका त्याने बघितला होता. बारीकशी भेगसुद्धा नव्हती.

सुपरवायझर पुढे आला. मग पुन्हा मागे रेलला. या वेळी खुर्चीने जरा आवाज केला. काढलेले सेन्सर तपासले होते का, असं टेस्टरने विचारलं. तपासायला कशाला हवे, बिघडले होते म्हणूनच तर काढले, असं उत्तर आलं. ते तिन्ही एका डब्यात पडले होते. टेस्टरने बॅटरी आणि एक बारीक दिवा लावून ते तिथेच पाण्याच्या ग्लासात बुडवून पाहिले. तिन्ही धडधाकट.

आणखी एकच गोष्ट त्याने विचारली. सेन्सर बदलताना टाकीतलं पाणी काय करता? सगळं काढून टाकतो, नवीन कूलंट भरतो. नमुना दाखवला. पोपटाच्या पंखासारखा हिरवागार.

परत येताना मी हिशेब मांडून बघितला. घरी एकही सेन्सर बदलला गेला नाही. एकही बिघडला नाही. चोरी झालीच नाही.

"आणि चोराने मात्र कबुली दिली," मी म्हणालो. "ते कसं काय?"

"जो माणूस न केलेली चोरी अंगावर घेतो," टेस्टर म्हणाला, "त्याने केलेलं काही लपवलेलं नसतं. त्याने पाहिलेलं काहीतरी लपवलेलं असतं."

४

शनिवारी सकाळी घरातले प्लग तपासून देतो, असं सांगून टेस्टर वहिनींच्या घरात शिरला. त्याने खरोखर सगळे प्लग तपासले. दोन बिघडलेले निघाले, ते दुरुस्तही केले. तपासकामात इतका प्रामाणिकपणा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

मागच्या खोलीत साहेबांची खाट होती. गादी गुंडाळलेली. खाटेशेजारी श्वासाचं यंत्र, हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकात सोडणारं. त्याच्यावर धुतलेला टॉवेल पांघरलेला, एखाद्या झोपलेल्या माणसावर घालावा तसा. यंत्राला पाण्याची एक छोटी बाटली जोडलेली होती. प्राणवायू तिच्यातून बुडबुडत जातो, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून वहिनींच्या अक्षरात लिहिलेलं: *नळाचं पाणी घालू नये*.

डॉक्टरांनी बजावलं होतं, वहिनी म्हणाल्या. यात फक्त ऊर्ध्वपातित पाणी. उकळून, वाफ करून परत थंड केलेलं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते आतून धरतात, यंत्र गुदमरतं. शेवटी शेवटी साहेबांना गिळता येईना, तेव्हा पेजही त्या मोठ्या पिचकारीने द्यायच्या. इंजेक्शनची असते तशी, बिनसुईची. हळूहळू घ्या, हळूहळू घ्या, म्हणत.

"किती दिवस?"

"यंत्र आणल्यावर नऊ."

टेस्टर प्लग बघायला खाली वाकला. खाटेखाली पाच-पाच लिटरचे पांढरे कॅन ओळीने लावलेले होते. नऊ सीलबंद. दहाव्याचं सील फोडलेलं, पाणी अर्ध्यावर. मीही वाकून बघितलं. उठताना टेस्टरने सीलबंद कॅन पुन्हा एकदा बोटाने मोजले.

निघताना तो स्वयंपाकघरात हात धुवायला गेला. ओट्यावर भांड्यांच्या जाळीत, वाट्यांच्या शेजारी, ती मोठी पिचकारी धुऊन उपडी ठेवलेली होती. दोन महिन्यांपूर्वी जिचं काम संपलं, ती वस्तू आतून अजून ओलसर होती. आतल्या रबराला किंचित हिरवी झाक.

"वहिनी," त्याने हात पुसत विचारलं, "साहेब गाडीचं पाणी कधी बघायचे?"

"दर गुरुवारी. स्वतः. ड्रायव्हरलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत." आणि त्या हसल्या.

बाहेर येऊन टेस्टर पायरीवर बसला. खिशातला टेस्टर काढून पिशवीत टाकला. तीस वर्षांत तो मी त्याच्या खिशाबाहेर गेलेला पाहिला नव्हता.

"सापडलं," तो म्हणाला. "न सापडतं तर बरं झालं असतं."

५

संध्याकाळी पाच वाजता पोर्चमध्ये मुलगा होता, ड्रायव्हर होता, आणि गाडीच्या टपावर गाडीची किल्ली होती. ड्रायव्हरने ती आधीच काढून ठेवली होती.

टेस्टरने सगळ्यांसमोर पिवळा ठिपका तडकवून स्क्रू काढला, सेन्सर वायरीसकट बाहेर घेतला. त्याला दोन बारीक दांड्या होत्या. एका दांडीतून वीज पाण्यात उतरते, पाण्यातून दुसऱ्या दांडीत जाते, असं त्याने सांगितलं. वीज पोचली की गाडी समजते, पाणी आहे. नाही पोचली तर समजते, टाकी रिकामी.

बॉनेटच्या कडेवर त्याने दोन ग्लास ठेवले. गाडी चालू करायला सांगितली. सेन्सर पहिल्या ग्लासात बुडवला. दिवा बंद. दुसऱ्या ग्लासात बुडवला. दोन्हींत सारखंच पाणी, सारखंच भरलेलं. जरा वेळाने पिवळा दिवा लागला.

"पहिल्यात नळाचं आहे," टेस्टर म्हणाला. "दुसऱ्यात साहेबांच्या खाटेखालच्या कॅनमधलं. त्यात क्षार नाहीत, मळ नाही, काही म्हणजे काही नाही. इतकं स्वच्छ, की त्यातून वीज जात नाही. ग्लास भरलेला आहे आणि यंत्राला तो दिसत नाही."

मग त्याने पुडीतली चिमूटभर साखर वाटावी अशी पांढरी पूड दुसऱ्या ग्लासात टाकून ढवळली. दिवा विझला. ते मीठ होतं. यंत्रसुद्धा मिठाला जागतं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ड्रायव्हरकडे बघितलं आणि गिळलं.

पुढचं टेस्टरने फार हळू सांगितलं. दर गुरुवारी कुणीतरी पिचकारीने टाकीतलं हिरवं पाणी उपसतं, जवळच्या कुंडीत टाकतं आणि टाकीत कॅनमधलं पाणी भरतं. कूलंट झाडाला विष. म्हणून ते झाड मेलं. टाकीत जवळजवळ शुद्ध पाणी उरलं, म्हणून शुक्रवारी दिवा. रविवारी चार तास गाडी पळते, इंजिन तापतं, आतलं हिरवं पाणी टाकीत येऊन मिसळतं, म्हणून दिवा विझतो. सुरुवातीचे तीन-चार गुरुवार मिसळण्यातच गेले, म्हणून महिन्याभराने कळलं. वर्कशॉप टाकी नव्याने भरायचं, म्हणून तिथे गाडी बरी व्हायची. असं आणखी वर्षभर चाललं असतं तर इंजिन आतून गंजलं असतं, एवढाच काय तो गुन्हा.

मुलगा टपावरच्या किल्लीकडे बघत होता. "आई," तो म्हणाला. विचारल्यासारखं नाही. मग ड्रायव्हरकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं."

ड्रायव्हरने बटण चाचपलं. "एका गुरुवारी लवकर आलो. फाटकातून बघितलं. वहिनी बॉनेट उघडून पिचकारीने पाणी घालत होत्या. आणि बोलत होत्या." त्याने बटण सोडलं. "हळूहळू घ्या, म्हणत होत्या. हळूहळू घ्या, घाई नाही. मी फाटकाबाहेर उभा राहिलो, त्यांचं होईपर्यंत."

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही आधीच म्हणत होता, आईचं डोकं ठिकाणावर नाही, घेऊन जातो. हे सांगितलं असतं तर त्याच दिवशी घेऊन गेला असता. मला चोर म्हटलं तर नोकरी जाते, दादा. त्यांना तसं म्हटलं तर घर जातं."

दारात वहिनी उभ्या होत्या. कधीपासून, कुणालाच कळलं नव्हतं. हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे होता. त्यांनी तो पायरीवर ठेवला.

"चोर कोण म्हणालं यांना?" त्यांनी विचारलं. मुलाने मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं.

मग त्या मुलाला म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर आहे माझं. बारा कॅन तूच मागवले होतेस. वर्षभर पुरतील म्हणालास. त्यांना एक पुरला. उरलेलं मोरीत ओतायला हात होईना रे. म्हटलं, त्यांची गाडी, तिचं पाणी तेच बघायचे. टाकीत जुनं, गढूळ पाणी असायचं. म्हटलं, चांगलं घालू." त्यांनी चष्मा काढला. "ते गेलेत हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून बोलते."

मुलगा गाडीला टेकला. मग बॉनेटवर डोकं ठेवून, चाळिशीचा तो माणूस, शाळेत न जाण्यासाठी लहान मुलं रडतात तसा रडला. ड्रायव्हर जवळ जाऊन उभा राहिला. हात लावावा की नाही ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने मुलाच्या कोपराखालचा खारट ग्लास तेवढा काढून घेतला, सांडू नये म्हणून.

टेस्टर मान खाली घालून सेन्सर परत बसवत होता. स्क्रू एकच होता. पाच मिनिटं लावली त्याने.

मुलाने तोंड पुसलं, टपावरची किल्ली उचलली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "काका," तो म्हणाला, आणि त्याच्या पुढचं वाक्य दोनदा मोडलं. "माफ करा, असं कुठल्या तोंडाने म्हणू? गाडी इथेच राहील. आई इथेच राहील. तुम्हाला काय हवं ते मागा. काहीही मागा, काका."

ड्रायव्हरने किल्ली घेतली. खिशात ठेवली, खिसा वरून थोपटला. मग त्याने वहिनींकडे बघितलं, पायरीवरच्या ट्रेकडे बघितलं, आणि घसा खाकरला.

"पेलाभर पाणी द्या, वहिनी," तो म्हणाला. "नळाचंच द्या."